‘मजा’ हा शब्द तुम्ही अवतरणात का टाकलात?

पत्र, थोडक्यात: “मॅडम, राहायला कोपरखैरण्याला. रबाळ्याला एका कंपनीत मेंटेनन्सला २८ वर्षं झाली. मुलाला बारावी सायन्सला ७१ टक्के, सीईटीला ७९ पर्सेंटाइल. बोर्डाची परीक्षा संपल्यावर ‘जरा मदत’ म्हणून वाशीच्या फळबाजारात मामाच्या गाळ्यावर गेला तो तिथलाच झाला. पहाटे साडेतीनला उठून जायचा. म्हणतो, आयुष्यात इतकी ‘मजा’ कधी आली नाही, आता ज्यात ‘मजा’ येईल तेच काम करणार. मी त्याला मॅनेजमेंट कोट्यातून इंजिनिअरिंगला घालायचं ठरवलं आहे. पीएफमधून पैसे काढीन. नोकरी ‘मजे’साठी नसते हे त्याला तुमच्या शब्दांत समजावा. नाहीतर सगळ्यात ‘मजेच्या’ नोकऱ्यांची यादीच द्या, त्यातली पगाराची मी निवडून देतो. – एक पालक”

तुमचं मूळ पत्र सहा पानी आहे. त्यात ‘मजा’ हा शब्द अकरा वेळा आला आहे आणि अकराही वेळा तुम्ही तो अवतरणचिन्हांत बंद केला आहे. शेजारच्या घरातली भानगड सांगताना आवाज खाली येतो ना, तसं काहीसं. गुणांचा विषय मात्र पहिल्याच पानावर संपतो, आणि ते बरोबरच आहे. ७१ टक्के आणि ७९ पर्सेंटाइल म्हणजे काही संकट नव्हे. पेढे वाटण्यासारखंही नाही. लाखो मुलं याच मधल्या पट्ट्यात असतात आणि पुढे त्यांची आयुष्यं व्यवस्थित लागतात.

मी अडले ती चौथ्या पानावर. ते वाक्य वर मुद्दाम छापलं नाही. “सीईटीला बारा दिवस राहिले असताना मी स्वतः मार्केटात जाऊन त्याला दंडाला धरून घरी आणलं, हमालांच्या देखत. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. काही असलं तर आईला सांगतो.” आणि पुढच्या वाक्यात लगेच कॉलेजची फी.

अडीच महिने, दोन खोल्यांच्या घरात, बापलेक तिसऱ्या माणसाच्या तोंडून बोलताहेत. आणि तुम्ही मला विचारता कोर्सचं.

त्या सकाळी काय झालं असेल ते जरा त्याच्या जागी उभं राहून बघा. अठरा वर्षांचा मुलगा. महिनाभर पेट्या मोजून, आंबा निवडून, चुकून, शिव्या खाऊन आता कुठे त्याच्या मोजणीवर दुसरी माणसं विसंबायला लागली होती. मामाचा भाचा ही ओळख पुसून ‘तो पोरगा नीट मोजतो’ ही ओळख लागत होती. त्या माणसांसमोर तो एका क्षणात परत शाळेतलं पोर झाला. उद्या प्लँटमध्ये ब्रेकडाउन चालू असताना तुमचे वडील येऊन साहेबांसमोर तुमचा दंड धरते तर? सीईटीची काळजी मला मान्य आहे. बारा दिवस राहिले असताना पहाटे साडेतीनला बाजारात जाणं हा मूर्खपणा होता, हेही मान्य. पण त्यासाठी घरात बोलता आलं असतं, मेहुण्यांना एक फोन करता आला असता. तुम्ही गाळ्यावर गेलात, कारण तुम्हाला तो अभ्यास सोडतोय याची जितकी भीती होती त्याहून जास्त तो तिथे रमलाय याचा राग होता. हे तुम्हाला लागेल. लागू दे.

आपल्याकडच्या बापांना मुलाची माफी मागायची सवय नाही, म्हणून ती मागा असं सांगून मी पत्र वाया घालवत नाही. त्याला एवढंच विचारा: त्या दिवशी गाळ्यावर पेट्या किती उतरल्या होत्या? आकडा त्याला पाठ असणार, पैज.

आता तुमच्या यादीकडे येते. नौपाड्यातल्या माझ्या करिअर-सल्ल्याच्या खोलीत पालक आले की पहिल्या भेटीत मी मुलाला बाहेर बसवते आणि त्यांना एक प्रश्न विचारते: तुम्ही आजवर केलेलं सगळ्यात मजेचं काम कोणतं? पगाराचं नको, मानाचंही नको. लोक आधी सध्याचा हुद्दा सांगतात. मग हसतात. मग खरं सांगतात. एका बँकेतले मोठे साहेब म्हणाले, कॉलेजात असताना दिवाळीत गोखले रोडवर मित्राबरोबर लावलेला आकाशकंदिलांचा स्टॉल. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या एक आजी नातीला घेऊन आल्या होत्या. त्यांचं उत्तर होतं ट्रंक बोर्डावरची, म्हणजे परगावचे फोन हाताने जोडून द्यायची, रात्रपाळी. दोन गावांतली दोन माणसं एकमेकांचा आवाज ओळखेपर्यंत त्या कानाला लावून थांबायच्या, मग हळूच बाजूला व्हायच्या. “ऐकायचं नसतं, पण पहिलं ‘हॅलो, मी बोलतोय’ एवढं ऐकायचेच,” म्हणाल्या.

आणि एक चावीवाले होते. पाण्याचे व्हॉल्व्ह फिरवणारे. पहाटे साडेचारला अंधारात रस्त्यावरचं झाकण उचलायचं, लांब दांड्याची चावी घालून इतके फेरे मारायचे, आणि मिनिटाभरात चाळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हंडे-कळशा वाजायला लागायच्या. पुढे त्यांना बढती मिळून ते ऑफिसात टेबलाशी बसले. म्हणाले, “आता पाणी आलं की नाही हे मला कागदावरून कळतं.” पगार वाढला होता, गुडघे वाचले होते, आणि तरीही माणूस ते वाक्य बोलताना खिडकीबाहेर बघत होता. एका डॉक्टरांना मात्र असं एकही काम आठवलं नाही. बराच वेळ आठवत बसले. त्यांचा मुलगा बाहेर ‘नीट’च्या तिसऱ्या प्रयत्नाचं विचारायला थांबला होता.

या उत्तरांमध्ये तुमचा आणि तुमच्या मुलाचा, दोघांचाही एक गैरसमज सापडतो. तुम्हा दोघांना वाटतं, मजेची नोकरी म्हणजे आवडत्या विषयाची नोकरी. मुलगा म्हणतो, मला आंबे आवडले, बाजार आवडला. तुम्ही म्हणता, मग काय जन्मभर आंबे विकणार? पण कंदीलवाल्या साहेबांना कागद कापायची कसलीही हौस नव्हती, आणि व्हॉल्व्ह फिरवण्याचा छंद असलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. मजा विषयात कमी असते, कामाच्या घडणीत जास्त. रिचर्ड हॅकमन आणि ग्रेग ओल्डहॅम या दोन अमेरिकन संशोधकांनी १९७०च्या दशकात याची नीट मांडणी केली: कामात निरनिराळी कौशल्यं लागतात का, ते आरंभापासून शेवटापर्यंत आपल्या हातून पुरं होतं का, त्याचा कुणाला उपयोग होतो का, आपल्या बुद्धीने ठरवायला काही मोकळीक आहे का, आणि आपलं काम बरं झालं की वाईट हे त्या कामातूनच कळतं का. चावीवाल्याच्या नोकरीला हे प्रश्न लावून बघा. मग एखाद्या वातानुकूलित ऑफिसातल्या, रोज वीस मेल पुढे ढकलण्याच्या नोकरीला लावा. म्हणून गाण्याची आवड असलेली मुलगी गाण्याच्या कंपनीत हिशेब तपासायला लागते आणि वर्षभरात कंटाळते, आणि गणित न आवडणारा मुलगा दुकानाच्या गल्ल्यावर खूश असतो. ‘आवडीचं क्षेत्र निवडा’ हा सल्ला दर जूनमध्ये ठाण्यातल्या प्रत्येक सभागृहात दिला जातो. तो अर्धाच असतो. रोज सकाळी दहा ते संध्याकाळी सहा हात नेमकं काय करणार, हे कुणी विचारत नाही.

तुमच्या मुलाने पत्राच्या शेवटी आपल्या हाताने चार ओळी जोडल्या आहेत. तुम्ही त्या वाचल्या की नाही, शंका आहे, कारण त्यात आंब्याचं कौतुक जवळजवळ नाही. तो लिहितो: “पहाटे जी प्रतवारी लावतो ती बरोबर होती की नाही हे बारापर्यंत कळतं. देवगडच्या एका बागायतदाराला मी पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशोब, पाठवताना फोन करून सांगितलं की तुमच्या पेटीत वरचा थर मोठा आणि खाली बारीक लागतोय, म्हणून भाव पडतोय. पुढच्या खेपेला त्यांनी एकसारखा माल लावला आणि भाव वाढून मिळाला.” बाकी दोन ओळी रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायच्या जुन्या रितीबद्दल आहेत, ती त्याला गंमत वाटली.

हे वाचून मला बाजारात पेट्या उचलणारा मुलगा दिसत नाही. दर्जा तपासणारा, हिशोब लिहिणारा, आणि चूक कुठे झाली ते तीनशेहून जास्त किलोमीटरवरच्या माणसाला न दुखावता सांगणारा मुलगा दिसतो. हे तिसरं काम अनेक एमबीए झालेल्यांना जमत नाही.

आता तुमचं स्वतःचं. पाचव्या पानावर तुम्ही ओघात लिहून गेलात: “मीही बारावीनंतर चार महिने ठाण्याला एका थिएटरात ऑपरेटरच्या हाताखाली होतो, पण वेळीच सोडून आयटीआय केलं म्हणून आज घर आहे.” एवढ्यावर मुद्दा संपत होता. पण तुम्ही थांबला नाहीत. पुढे अख्खं पान प्रोजेक्टरमध्ये जळून उजेड देणाऱ्या कार्बनच्या कांड्यांवर आहे! दोन कांड्यांमधलं अंतर वाढलं की पडद्यावरचा उजेड कसा मरतो, त्या जळतील तशा हाताने पुढे कशा सरकवायच्या, रीळ संपत आली की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर टिकली कशी चमकते, पहिल्या टिकलीला दुसऱ्या मशीनची मोटर चालू आणि दुसरीला बदल, आणि खाली बसलेल्या माणसाला काही कळता कामा नये. “चार महिन्यांत एकदाच पडदा पांढरा झाला,” असं तुम्ही लिहिलंय. पस्तीसेक वर्षांनंतर तुम्हाला तो एकदा आठवतो. सहा पानांत तुमचं अक्षर फक्त त्या पानावर मोकळं झालंय. आणि तिथे ‘मजा’ हा शब्द तुम्ही एकदाही वापरलेला नाही, त्यामुळे अवतरणचिन्हाचा प्रश्नच आला नाही.

तुम्ही ते काम सोडलंत ते योग्यच केलंत. पुढे डिजिटल आलं आणि ती मशिनं भंगारात गेली. पण सोडून काय धरलंत? मेंटेनन्स. मशीन बंद आहे, तुम्ही गेलात, ते चालू झालं किंवा झालं नाही. कुणाच्या शेऱ्याची गरज नाही. टिकली दिसल्यावर बरोबर वेळेला हात फिरवण्याचाच तो पुढचा अवतार. तुमचा मुलगा बारा वाजता प्रतवारीचा निकाल कळण्याबद्दल बोलतो, तेव्हा तो तुमचीच भाषा बोलत असतो. तुम्हाला ती ओळखू आली नाही, कारण तो ती मेहुण्याच्या गाळ्यावर शिकला. (मेहुण्यांबद्दलचं तुमचं दुसरं पान मी वाचलं आहे. त्यावर मी काही बोलणार नाही. तो प्रश्न करिअरचा नाही.)

“कंपनीत २८ वर्षं काढली, ‘मजा’ म्हणून एक दिवस गेलो नाही,” असं तुम्ही लिहिता. खरं असेल, पण माणसाची यात फसगत होते. मिहाय चिक्सेंटमिहाय आणि ज्युडिथ लफेव्र यांनी १९८९ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. नोकरी करणाऱ्या माणसांजवळ पेजर दिले होते. दिवसभरात तो कधीही वाजायचा आणि त्या क्षणी आपण काय करतोय, कसं वाटतंय, ते लिहायचं. पूर्ण गढून जाण्याचे क्षण रिकाम्या वेळेपेक्षा कामावर जास्त निघाले. गंमत म्हणजे, आत्ता दुसरं काहीतरी करत असतो तर बरं, असंही लोक कामावर असतानाच जास्त म्हणत होते. म्हणजे रमायचं तिथे आणि कुरकुरायचंही तिथेच. रात्री अडीचला अडकलेला कंप्रेसर चालू केल्यावर तुमचा चेहरा कसा असतो, हे तुमच्या हेल्परला विचारायला हवं.

तुम्हाला बाजार म्हणजे फक्त चिखल आणि पेट्या दिसतात. थोडं पलीकडे बघा. अमेरिकेला जाणाऱ्या आंब्यावर विकिरणाची प्रक्रिया करावी लागते, आणि पणन मंडळाची तशी सोय वाशीतच आहे. २००७ साली अमेरिकेचं दार भारतीय आंब्याला पुन्हा उघडलं ते याच अटीवर. २०१४ साली युरोपीय संघाने फळमाशीच्या कारणावरून आपल्या आंब्यावर बंदी घातली, आणि पुढच्या वर्षी ती उठली ती कुणाच्या भाषणाने नाही. पॅकहाउसमधली तपासणी कडक झाली, फळांवर प्रक्रिया होऊ लागली, म्हणून उठली. कार्बाइडने आंबा पिकवायला बंदी आहे. आता इथिलीनच्या रायपनिंग चेंबरमध्ये वायूचं प्रमाण मोजत बसणारं माणूस लागतं. हापूसमधला साका, म्हणजे गरातला स्पंजासारखा खराब भाग, बाहेरून दिसत नाही, कापल्यावरच कळतो, आणि न कापता तो ओळखायचा कसा यावर शास्त्रज्ञ डोकं लावताहेत. हे सगळं शिकलेल्या माणसांचं काम आहे आणि ते तुमच्या घरापासून पंधरा-वीस मिनिटांच्या अंतरावर चालतं.

आता तुझ्याशी, बाळा. बाबांना जे ऐकवलं त्याने खूश होऊ नकोस. तू पाहिलास तो हंगाम. मार्च ते मे, हापूसचा, गर्दीचा, पैशाचा. जुलैत पावसात त्याच गाळ्यावर कुजकी करंडी उलटी करून बघ. शिवाय तू भाचा होतास. तुझी चूक झाली तेव्हा मामा ओरडला असेल, पण तुझी मजुरी कापली नाही. पेटी तू मोजलीस, पण गाडीतून पाठीवर उतरवली माथाड्यांनी. ती मजा त्यांना विचार. आणि ‘ज्यात मजा येईल तेच करणार’ ही धमकी म्हणून चांगली आहे, योजना म्हणून कच्ची आहे. ज्यांनी मला मजेची कामं सांगितली त्यांतल्या कुणीही ती मजा शोधायला म्हणून धरलेली नव्हती. आणखी एक: अडीच महिने अबोला हा तुझाही हट्ट आहे. दंड त्यांनी धरला होता, तोंड तू धरून ठेवलं आहेस.

मार्ग, एका दमात: बीएस्सी कृषी, उद्यानविद्या, अन्नतंत्रज्ञान यांचे प्रवेशही एमएचटी-सीईटीवरच होतात आणि गणित गट चालतो. कोकणात दापोलीचं बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ आहे आणि काढणीनंतरच्या व्यवस्थापनाची त्यांची पदव्युत्तर संस्था रोह्याला किल्ला इथे आहे. पुढे कृषी व्यवसाय व्यवस्थापनासाठी हैदराबादची ‘मॅनेज’ ही संस्था ‘कॅट’ या प्रवेश परीक्षेवर प्रवेश देते. इंजिनिअरिंगच हवं तर कॅप राउंडमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेशफेरीतून, मिळेल ते, गुणांवर. बीबीएसाठीही आता सीईटी असते, तिची या वर्षीची मुदत तपासा.

मॅनेजमेंट कोट्याला माझा सरळ नकार आहे. ७९ पर्सेंटाइलच्या मुलाला, त्याच्या मनाविरुद्ध, पीएफ मोडून, नाव कुणी न ऐकलेल्या कॉलेजात घालायचं आणि चार वर्षांनी त्याने वीस-पंचवीस हजारांवर कुठेतरी चिकटायचं? तुमच्याच कंपनीच्या गेटवर दर महिन्याला अशी किती मुलं बायोडेटा घेऊन येतात, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. आणि तिसऱ्या सेमिस्टरला केटी लागली की तुम्ही त्याला पीएफचा आकडा ऐकवणार. नाही म्हणू नका, पत्रातच तुम्ही तो दोनदा ऐकवला आहे.

यादी मी देणार नाही. दिली तर तुम्ही तिच्यापुढे पगाराचा रकाना आखाल, आणि मग ती सगळ्यात पगाराच्या नोकऱ्यांची यादी होईल, ती तर तुमच्याकडे आहेच.

ऑप्शन फॉर्म भरायच्या आधी दोघं या. शनिवारी चारनंतर मी असते. त्याने बाजारात पट्टीच्या नोंदींची वही ठेवली असेल तर ती आणा, मला त्याचे आकडे बघायचेत. ठाण्याला येताना ट्रान्स-हार्बरला बसायला जागा मिळेल, शेजारी-शेजारी बसावं लागेल. तेवढ्या वेळात त्याला तो पडदा पांढरा झालेला शो सांगा. कुठला सिनेमा होता, टिकली कशी हुकली, आणि खालून काय काय ऐकावं लागलं.